पानिपतला हरलो ना? मग शौर्य दिन कसला?

सदाफुली७७

काल संक्रांत. सोसायटीत तिळगूळ वाटून दमून बसले होते, तेवढ्यात चिरंजीव (सातवी, इतिहासात बरे, गणितात देवाची कृपा) माझाच फोन घेऊन आले. आमच्या घरच्या ग्रुपवर एकाच काकांनी सकाळपासून तीन फॉरवर्ड ढकलले होते. पहिल्यात मल्हारराव होळकर पळाले म्हणून आपण हरलो. दुसऱ्यात आपण खरं म्हणजे हरलोच नाही, कारण अब्दालीने त्यानंतर भारतात पाऊल टाकलं नाही. तिसऱ्यात संक्रांतीला आपण काळे कपडे घालतो ते पानिपतच्या सुतकाचे. शेवटी तिन्हींखाली भगवा झेंडा आणि 'पानिपत शौर्य दिन चिरायू होवो'.

चिरंजीव म्हणाले, "आई, हरलो ना आपण? मग शौर्य दिन कसला?" नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "हरलो तरी लढलो ना!" त्यावर, "मग मी गणितात नापास झालो तर शौर्य दिन करायचा का?"

मी आपली हलव्याचे डबे लावायला उठले. पण प्रश्न डोक्यातून जात नाहीये. माझ्या लहानपणी पानिपत म्हणजे फक्त वाट लागणे. 'परीक्षेत पानिपत झालं.' शौर्य कधी शिरलं त्यात? जाणकारांनी सांगावं. कृपया मारामारी नको.

पेठेतला

'कृपया मारामारी नको' असं पानिपतच्या धाग्यावर लिहिणाऱ्या पहिल्या व्यक्ती तुम्ही. चिरंजीवांना माझा नमस्कार सांगा.

तिरपागडा

जागा धरून ठेवतो. शेंगदाणे आणलेत.

मिसळ_मास्तर

सदाफुलीताई, पस्तीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी दुसरा फॉरवर्ड निकालात काढू. अब्दाली पुन्हा आला. पुढच्याच वर्षी, १७६२ च्या फेब्रुवारीत, त्याने पंजाबात शिखांची प्रचंड कत्तल केली. शीख तिला 'वड्डा घल्लूघारा' म्हणतात. त्यानंतरही तो येत राहिला. दिल्लीच्या राजकारणात मात्र त्याला पाय रोवता आले नाहीत. फॉरवर्डवाल्याने अर्धं खरं धरून पूर्ण खोटं केलं.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय शौर्य कधी शिरलं. मी म्हणेन, पानिपत एक नाहीच. लढाई झाली तो बुधवार, १४ जानेवारी १७६१. त्या दिवसापासून पुण्यात पानिपतचा अर्थ होता 'आमचा माणूस कुठे आहे?' पहिली बातमी आली ती सावकाराच्या पत्राने, तीही कोड्यात: दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोत्ये म्हणजे सेनापती सदाशिवरावभाऊ (भाऊसाहेब) आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव. खुर्दा म्हणजे तुमचे आमचे पूर्वज. नानासाहेब पेशवे त्या धक्क्यातून उठलेच नाहीत. जूनमध्ये पर्वतीवर गेले.

शौर्य, राष्ट्र, हिंदुस्थानचं रक्षण ही भाषा फार नंतरची. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात पानिपतच्या काळातली मूळ पत्रं छापली. तोवर लोकांच्या हातात बखरी आणि ग्रँट डफ या इंग्रजाने लिहिलेला इतिहास. पुढे इतिहासकार शेजवलकरांनी मांडलं की मराठे तिथे हिंदुस्थान हिंदी लोकांचा राहावा म्हणून लढले. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९४६ चं. साल लक्षात घ्या, म्हणजे 'हिंदुस्थान हिंदी लोकांचा' हे शब्द कुठून आले ते कळेल. माणूस पत्रं जुनी वाचतो, पण चष्मा आपल्या काळाचा असतो. शेजवलकरांबद्दल मला अपार आदर आहे, तरीही म्हणतो.

इंदूरचा_पोहा

पहिल्या फॉरवर्डबद्दल मी बोलणार. मल्हारराव 'पळाले' हे वाक्य आम्ही इंदूरकर पिढ्यान्‌पिढ्या ऐकतोय. आमच्या आजीसमोर कोणी म्हटलं तर ती ताटावरून उठायची.

आमच्याकडची बाजू अशी की बायकामुलं घेऊन बाहेर पडा, असं भाऊंनीच सांगितलं होतं. खरं खोटं देव जाणे. पण ज्या 'भाऊसाहेबांच्या बखरी'वरून मल्हारराव खलनायक ठरले तिचा कल शिंद्यांकडे आहे, हे जाणकार मान्य करतात. लढाईवरून आलेली घराणी आपापल्या धन्याची बाजू मांडत होती. आजच्या भाषेत पत्रकार परिषदा. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मांगरोळला जयपूरकर माधोसिंगाला हरवून उत्तरेत मराठ्यांची पत कोणी सावरली? मल्हाररावांनीच. त्याचा फॉरवर्ड येत नाही.

बाभूळकाटा

अब्दालीच्या बाजूच्या नजीबखान रोहिल्याला १७५७ मध्ये दिल्लीत सोडून द्यायला कोणी लावलं? 'धर्मपुत्र' कोणाचा होता तो? तेही सांगा की पोहेसाहेब.

इंदूरचा_पोहा

सांगतो ना. मल्हाररावांचा. चूक होती. पण रघुनाथराव काय कुक्कुलं बाळ होते? सेनापती ते होते, ऐकायचं नव्हतं.

तिरपागडा

शेंगदाणे संपत आले. जिलबी मागवू का, इंदूरहून?

पंचांगवाला

मी सहसा वाचनमात्र असतो, पण आज राहवत नाही. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत नव्हती.

सदाफुली७७

काय????

पंचांगवाला

लढाईची तिथी पौष शुद्ध अष्टमी शके १६८२. इंग्रजी तारीख १४ जानेवारी. दोन्ही बरोबर. पण मकर संक्रांत १४ जानेवारीला खिळा मारून बसवलेली नाही. ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आता १४ ची १५ होत चालली आहे, हे सगळ्यांनी पाहिलंय. उलटं मोजत जा. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. आणखी शंभर वर्षं मागे गेलात की १० जानेवारीच्या आसपास येता.

म्हणजे पानिपतच्या लढाईच्या वेळी संक्रांत होऊन तीनचार दिवस झाले होते.

संक्रांतीला पडले ते दत्ताजी शिंदे. बुराडी घाट, १० जानेवारी १७६०. 'बचेंगे तो और भी लडेंगे'वाले. लोकांच्या मनात दोन्ही एकत्र झालं. पुढे इंग्रजी तारीख रूढ झाली, विसाव्या शतकात संक्रांत फिरत फिरत १४ वर आली, आणि गणित आपोआप जुळलं.

पेठेतला

आयला! हा धागा वाचनखुणांत टाकला. आयुष्यभर 'संक्रांत कोसळली' हा वाक्प्रचार पानिपतवरून आला म्हणून सांगत आलो. सासरेबुवांनाही.

पंचांगवाला

सासरेबुवांना आता काही सांगू नका. पण संक्रांतीची भीती त्याहून जुनी असावी. पंचांगात दर वर्षी असतं की बघा, देवी कशावर बसून आली, काय नेसली, कुठे बघते, कुठे चालली. ती जिकडे बघते तिकडची मंडळी धास्तावतात. काळ्या कपड्यांचं तर सरळ आहे, थंडी. काळं ऊब धरतं. सुतकात कोणी बाळाला हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण करील का?

निशिगंधा

हे शेवटचं वाक्य काकांना फॉरवर्ड करा, सदाफुली.

वाळवण

भाषेचं निघालंच आहे म्हणून. 'भाऊगर्दी' पानिपतवरून. 'विश्वास? तो तर पानिपतात गेला' हे आमचे किराणावाले उधारी मागितली की म्हणायचे, पाटीच लावायची बाकी होती. 'सतराशे साठ भानगडी' पण त्यातलंच म्हणतात, मला शंका आहे. एका लढाईने इतके शब्द दिले. उलट १७९५ ला खर्ड्याला निजामाला धूळ चारली, १७६३ ला राक्षसभुवन जिंकलं, एक म्हण सांगा त्यावर. जिंकलेलं आपल्या जिभेवर राहतच नाही.

बाभूळकाटा

अटकेपार झेंडे.

वाळवण

अरे हो की. माघार.

कुळकथा

मास्तरांनी 'खुर्दा' लिहिलं तिथे थांबले. आमचं गाव कृष्णाकाठचं. आमच्या वंशावळीत एका नावापुढे फक्त 'पानपतास गेले' एवढंच आहे. 'पडले' नाही, 'वारले' नाही. गेले.

शस्त्राने मेलेल्याचं श्राद्ध पितृपक्षात चतुर्दशीला करतात, आणि ज्याची तिथीच माहीत नाही त्याचं सर्वपित्रीला. आमच्या आजोबांपर्यंत या पूर्वजाचं पान दोन्ही दिवशी वाढलं जायचं. मी लहानपणी विचारलं होतं, एकाच माणसाला दोनदा का? आजोबा म्हणाले, "मेला की नाही तेच कळलं नाही ना बाळ." आता चतुर्दशीचं बंद झालंय. वडिलांनी सुट्टी मिळत नाही म्हणून बंद केलं. यात शौर्य कुठे बसवायचं मला समजत नाही. आमच्या घरात ते कधी कोणी म्हटलेलं ऐकलं नाही.

निशिगंधा

कुळकथा, वाचून गलबलून आलं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंचं हेच ना. भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलंच नाही. १७८३ ला वारल्या तोवर सौभाग्यवती म्हणून राहिल्या. बावीस वर्षं. नाना फडणीस वाचून परत आला, त्याची आई तिकडेच राहिली. या सगळ्यावर पोवाडे किती आहेत आणि बायांवर किती? यात्रेकरू म्हणून हजारो बायका सैन्याबरोबर गेल्या होत्या. त्यांचा शौर्य दिन कधी असतो?

मिसळ_मास्तर

निशिगंधाताई, मुद्दा रास्त. आणि भाऊंचं प्रेत ओळखण्याचाच घोळ होता. काशीराज पंडित म्हणून अयोध्येचा नवाब शुजाउद्दौल्याच्या चाकरीत एक दख्खनी ब्राह्मण होता, तो रणावर हजर होता. भाऊंचं म्हणून जे धड सापडलं त्याला शिरच नव्हतं. आज ज्याला आपण डोळ्यांनी पाहिलेला पुरावा म्हणतो ती त्याची हकीगत त्याने लिहिली वीसेक वर्षांनी, आणि फार्सीत.

म्हणून तर तोतया चालला! सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. कैदेत होता, सुटला, कोकणातले किल्ले घेतले, लोक त्याच्यामागे गेले. १७७६ मध्ये त्याला पुण्यात देहान्त शासन झालं. पंधरा वर्षांनीसुद्धा लोकांना भाऊ परत यायला हवे होते. तिकडे रोहतकजवळ सांघी गावात तर भाऊ जखमी होऊन आले आणि साधू झाले अशी कथा आजही सांगतात. कुळकथाताईंच्या आजोबांचं दोनदा पान आणि सांघीचा मठ यांत मला फार अंतर दिसत नाही.

टोरांटोकर

दुसऱ्या बाजूचं थोडं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक कंदाहारी माणूस बसतो. त्याच्यासाठी तो 'अहमदशाह बाबा', देशाचा बाप. कबर त्यांच्या गावातच आहे. मी पानिपतचं विचारलं तर म्हणाला, "हो, हिंदुस्थानच्या स्वाऱ्यांपैकी एक." एक! आमच्याकडे दोन मोत्ये गळाली आणि यांच्याकडे यादीतलं एक नाव. २०१९ ला हिंदी चित्रपट आला तेव्हा मात्र तो चिडला होता, बाबांना राक्षस दाखवतील म्हणून. त्याच चित्रपटावर राजस्थानात जाट चिडले, त्यांचे राजे सूरजमल यांना लोभी दाखवलं म्हणून. सूरजमलने तर पळून आलेल्या मराठ्यांना आसरा आणि अन्न दिलं. पाकिस्तानात अब्दाली नावाचं क्षेपणास्त्र आहे. एकच माणूस कोणाचा बाबा, कोणाचं क्षेपणास्त्र, आणि आपल्याकडे गिलचा, म्हणजे अफगाण शत्रू.

बाभूळकाटा

मला शौर्य दिनाचीच गंमत वाटते. हरियाणातल्या रोड समाजाला अचानक शोध लागला की आपण पानिपतच्या मराठ्यांचे वंशज. यावर लिखाण, संशोधन सगळं गेल्या वीसपंचवीस वर्षांतलं. रोड त्याआधीपासूनच तिथे आहेत म्हणणारेही आहेत. मग आपले पुढारी तिथे जातात, स्मारकाच्या घोषणा होतात, नीरज चोप्राने भाला फेकला की आपल्या ग्रुपवर 'पानिपतचा मराठा' फिरतो. तिकडे बलुचिस्तानात डेरा बुगतीला मराठे आहेतच, अब्दालीने दिलेल्या कैद्यांचे वंशज म्हणून. ही आठवण नाही, ही नवी जोडणी आहे.

जांभळी_पेन्सिल

स्मारकाचा अर्थ बदलतो हे फक्त पानिपतचं नाही. कोरेगावचा खांब कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि तो खांब महार सैनिकांच्या पराक्रमाचा झाला. दगड तोच. तिथे कोणी विचारत नाही की...

संचालक

जांभळी_पेन्सिल, मुद्दा उत्तम आहे, पण कोरेगाववर स्वतंत्र धागा काढा. इथे तो विषय निघाला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. यापुढचे त्यावरचे प्रतिसाद उडवले जातील.

तिरपागडा

संचालक आले, शेंगदाणे लपवा.

कर्नालवासी

बाभूळकाटा, मी अकरा वर्षं पानिपतात आहे. सुताचा धंदा. जुने स्वेटर, चिंध्या जगभरातून इथे येतात, पिंजून सूत होतं, त्याच्या चादरी होतात. त्यामुळे 'पानिपत झालं' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी नेहमी विचारतो, कितीला दिलं?

दोन वर्षांपूर्वी १४ जानेवारीला पहिल्यांदा काला आंबला, लढाईच्या स्मारकाला, गेलो. शहराबाहेर, थोडी बाग, कुंपण, मधे विटांचा खांब, त्यावर लोखंडी दांडा. आंब्याचं झाड केव्हाच गेलं, त्याच्या लाकडाचं दार संग्रहालयात आहे. रक्ताने झाड काळं पडलं म्हणे. त्या दिवशी धुकं असं की खांबापासून दहा पावलांवर खांब दिसत नव्हता. फक्त 'जय भवानी' ऐकू येत होतं, हरियाणवी ठेक्यात. भगवे फेटे धुक्यातून एकदम समोर यायचे आणि पुन्हा नाहीसे.

फोनवर मराठी बोलत होतो ते ऐकून एक म्हातारा जवळ आला. धोतर, वर खेस. हुक्का ओढणाऱ्याचा आवाज. मला म्हणाला, "थम उड़ै के सो?" मी हो म्हटलं, महाराष्ट्राचा. तर हात धरून विचारतो, "म्हारा गाम कूण सा था?" म्हणजे आमचं गाव कुठलं होतं?

काय सांगणार? मी आडनाव विचारलं, गोत विचारलं, काही जुळेना. तो थांबला होता, मी आता गाव सांगणार म्हणून. शेवटी त्याने खिशातून कागदात गुंडाळलेली रोहतकची गजक काढली आणि हातावर ठेवली. तीळ, गूळ. गोड बोला वगैरे काही म्हणाला नाही. ठेवली आणि धुक्यात गेला.

त्याच्याकडे पुरावा नाही, मान्य. नवी जोडणी असेल. पण कुळकथाताईंकडे नाव आहे आणि माणूस कुठे गेला ते माहीत नाही. त्याच्याकडे माणसं आहेत आणि गाव माहीत नाही.

कुळकथा

कर्नालवासी, आता मी काही लिहू शकत नाही. उद्या येते.

बाभूळकाटा

बरं. 'गंमत' हा शब्द मागे घेतो. वंशावळीचा मुद्दा मागे घेत नाही.

पेठेतला

ऐतिहासिक क्षण. बाभूळकाट्याने शब्द मागे घेतला. शौर्य दिन इथेच साजरा करा.

मिसळ_मास्तर

मूळ प्रश्नाकडे येतो, नाहीतर ताई म्हणतील मास्तर भरकटले. इतिहासकार सरदेसायांनी म्हटलंच आहे की पानिपतने मराठी सत्ता संपली नाही. लंगड्या पायाचा महादजी त्याच रणातून जिवंत आला आणि १७७१ मध्ये दिल्ली पुन्हा मराठ्यांच्या हातात आली. पण १८१८ नंतर सगळं राज्यच गेलं, तेव्हा लोकांना वाटलं, सुरुवात तिथूनच झाली असणार. हरणं मोठं झालं ते १८१८ मुळे. माझ्या पिढीने शाळेत कवी गोविंदाग्रजांचा पानिपतवरचा फटका पाठ केला, त्यात भाऊबंदकीवर कोरडे होते. कारण त्या काळात एकी हवी होती. मग १९८८ नंतर विश्वास पाटलांची 'पानिपत' कादंबरी वाचून एक पिढी भाऊसाहेबांसाठी रडली, तोवर भाऊ म्हणजे हट्टी, गर्विष्ठ माणूस. आता शौर्य. चिरंजीवांना सांगा, १४ जानेवारीला काय झालं ते एकदा लिहून घे, आणि लोक काय म्हणतात ते दर वीस वर्षांनी शेजारी लिहीत जा. वहीला समास मोठा सोड.

गणितात मात्र शौर्य दिन नाही. अभ्यास.

सदाफुली७७

सगळ्यांचे आभार. कर्नालवासींचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. नवऱ्याने पेपर खाली ठेवला, ही आमच्याकडची मोठी घटना. काकांना बोरन्हाणाचं वाक्य पाठवलं, त्यांनी नमस्काराचे हात पाठवले आणि पाच मिनिटांनी चौथा फॉरवर्ड.

चिरंजीव मात्र पंचांगवाल्यांच्या प्रतिसादावर अडकलेत. संक्रांत १० तारखेला होती, लढाई १४ ला. म्हणजे संक्रांत छावणीतच झाली. तो विचारतोय, "मग त्यांनी तिळगूळ खाल्ला का?"

मिसळ_मास्तर

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही.

मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले तेव्हाच रसद तुटली होती. काशीराज लिहितो, लढाईच्या आदल्या रात्री लोक भाऊंच्या तंबूपाशी जमून म्हणाले, दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू. भाऊंनी सगळ्यांना विडे दिले. तीळ आणि गूळ कुठून असणार, बाळा?

कर्नालवासी

ताई, पत्ता व्यनि करा. चिरंजीवांना गजक पाठवतो.